कोरड्या धरणात चिलापी परत येतो कुठून?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे आपल्या भागात कुणाला नव्यानं सांगायला नको. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. त्याच वर्षी पावसाळ्यात धरणात पुन्हा पाणी आलं, आणि पाण्यामागं मासेही आले. पाणी आभाळातून आलं, ते समजलं. मासे कुठून आले?

प्रश्न पोरकट वाटेल. पण दुष्काळी भागातल्या पाण्यात बाहेरच्या जाती कशा पसरतात, हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. मी पीएचडीसाठी साधारण याच विषयावर काम करतेय. गावाकडं विषय सांगितला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'अगं, इथं उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, इथं कसले परके मासे? दुष्काळात सगळं मरून जातं.' बरोबर आहे, बरंच काही मरतं. पण सगळं सारखं मरत नाही. दुष्काळ पाणी साफ करत नाही, तो निवड करतो. आणि त्या निवडीत पास होणाऱ्यांत बाहेरून आलेल्या जाती आपल्या जातींपेक्षा पुढं असतात. हे कसं होतं ते आज सांगते.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकू. बाहेरून आलेली प्रत्येक जात वाईट नसते. मिरची बाहेरची, टोमॅटो बाहेरचा, ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेतली. 'आक्रमक' म्हणायचं ते बाहेरून येऊन आपोआप वाढणाऱ्या, पसरणाऱ्या आणि इथल्या जातींचं किंवा माणसाचं नुकसान करणाऱ्या जातीला. बेशरमीचं झुडूप घ्या. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तलावाच्या काठाला फांदीचा तुकडा पडला तरी रुजतं, जनावर तोंड लावत नाही. नाव देणाऱ्यानं विज्ञानाची व्याख्या एका शब्दात सांगून टाकली आहे.

आता पाटोदा तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मांजरा नदी याच तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात गौखाडी गावाजवळ उगम पावते. तिथून सुमारे 724 किलोमीटर वाहत, बीड, धाराशिव, लातूर, पुढं कर्नाटकातला बीदर आणि तेलंगणा करत ती कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. आणि याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. ती जामखेडकडं जाते, सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे तालुक्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीचा आणि दुसऱ्या अंगाला पडलेला कृष्णेचा. माशाला हा डोंगर ओलांडता येत नाही. मोटारसायकलला बांधलेल्या कॅनमधल्या माशाला मात्र अर्धा तास पुरतो.

दुसरी गोष्ट अशी की आपण उगमाकडं बसलो आहोत. नदीच्या मधल्या भागातला डोह आटला तर वरून किंवा खालून मासे परत येऊ शकतात. उगमाकडच्या ओढ्याला 'वर' काही नसतंच. तिथला देशी मासा एकदा संपला की त्याला परत यायला रस्ता कमी. आणि तिथं सुटलेला परका मासा मात्र दर पुराबरोबर खाली उतरत राहतो.

चिलापीचं गणित

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला. त्याची मोझांबिक जात भारतात 1952 साली आणली गेली. सात वर्षांत चूक लक्षात आली आणि 1959 मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. तोवर मासा पाण्यात होता, आणि माशाला आदेश वाचता येत नाही. पुढं नाईल तिलापियाही आला, आणि त्याच्या शेतीला आता काही अटींवर परवानगी आहे: फक्त नर पिल्लं वापरायची, पाणी बाहेर जातं तिथं जाळी लावायची वगैरे. अटी चांगल्या आहेत. जाळी किती शेततळ्यांना आहे, ते आपल्या शिवारात जाऊन बघा.

उजनीच्या काठावर, भिगवणला मासळीबाजारात उभं राहिलं की चिलापीचं राज्य दिसतं. तिथल्या कित्येक घरांची चूल त्याच्यावर चालते, हेही तितकंच खरं. म्हणून 'चिलापी हटाव' असं मी म्हणत नाही. मोठ्या धरणातून तो आता हटणारही नाही. मला रस आहे तो वेगळ्या गोष्टीत: आटणाऱ्या पाण्यात हा मासा काय करतो?

रोहू, मृगळ यांसारख्या माशांना अंडी घालायला पूर लागतो. नवं, वाहतं, गढूळ पाणी आलं की ते वर चढतात आणि वर्षातून एकदा अंडी सोडतात. आपल्याकडच्या अनेक देशी माशांचंही असंच, पावसाशी बांधलेलं वेळापत्रक आहे. पाऊस हुकला तर वर्ष हुकलं. चिलापीला पुराची गरज नाही. पाणी उबदार असलं की वर्षातून अनेकदा वीण होते. नर उथळ तळाशी खळगा करतो, मादी अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत सगळा बारदाना तोंडात. पाणी मागं सरकलं तर इतर माशांची अंडी चिखलात उघडी पडतात. चिलापीची मादी अंडी घेऊन खोल पाण्याकडं निघून जाते.

याहून महत्त्वाचं पुढं आहे. डबकं लहान झालं, गर्दी झाली, खाणं कमी पडलं, तर चिलापी वाढ थांबवतो पण वीण थांबवत नाही. बोटाएवढा असतानाच, दोन-तीन महिन्यांच्या वयात, तो पिल्लं काढायला लागतो. मत्स्यशेती करणाऱ्याला याची डोकेदुखी, कारण एवढ्याशा माशाला भाव नाही. पण उन्हाळ्यातल्या डबक्यात टिकून राहायचं तर यापेक्षा चांगली युक्ती नाही. दहा-वीस मासे पावसाळ्यापर्यंत तगले तरी पुरे. पाणी वाढतं तेव्हा रिकामं धरण समोर असतं, स्पर्धक मेलेले असतात, आणि हा आधीच वीण सुरू करून बसलेला असतो.

गंमत म्हणजे हाच मोझांबिक तिलापिया त्याच्या मूळ घरी, दक्षिण आफ्रिकेच्या नद्यांत, धोक्यात आलेला आहे. तिथं बाहेरून आणलेल्या नाईल तिलापियाशी त्याचा संकर होतोय.

मग ते दहा-वीस तगतात कुठं?

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं: खोल डोह, बारव, एखादी न आटणारी विहीर. आता नवं उत्तर आहे, आणि ते प्लास्टिकच्या कागदाचं आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजना 2016 साली आली. ती दुष्काळात शेतकऱ्याला आधार म्हणून आली आणि तसा आधार झालाही. पण माशाच्या नजरेनं बघा. मे महिन्यात ओढा कोरडा, तलावात भेगा, आणि डोंगराच्या कुशीत इथं-तिथं अस्तर लावलेली, पाणी राखून ठेवलेली निळी-काळी चौकोनी तळी. पूर्वी उन्हाळा ज्या माशांना पुसून टाकायचा, त्यांच्यासाठी आपण उन्हाळी निवारे बांधले आहेत. या निवाऱ्यांत कोण राहणार, हे आपण ठरवतो. कटला, रोहू, सायप्रिनस, चिलापी, पंगस, रूपचंद. रूपचंद म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पाकू, पंगस आग्नेय आशियातला. यांत मरळ, वाम, शिंगटा असे आपले मासे क्वचित. सोडलेल्या बीजात नको असलेली पिल्लंही मिसळून येऊ शकतात; बोटाच्या पेराएवढं पिल्लू कोणत्या जातीचं ते ओळखणं अभ्यासकालाही जड जातं. मग एखाद्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस होतो, तळं काठोकाठ भरून सांडतं, आणि सांडलेलं पाणी ओढ्याला लागतं.

मांगूरचं प्रकरण आणखी वेगळं. आफ्रिकन मांगूर हवेतून श्वास घेतो. पाणी संपत आलं की चिखलात घुसून काही काळ काढतो, ओल असेल तर सरपटत दुसऱ्या डबक्याकडंही जातो. म्हणजे त्याला डबकं पुरतं असंही नाही, चिखल चालतो. केंद्र सरकारनं 2000 साली या माशाच्या शेतीवर बंदी घातली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुन्हा बडगा उचलल्यावर राज्यात ठिकठिकाणी तळी रिकामी करून साठे नष्ट करावे लागले, म्हणजे मधली सगळी वर्षं तो वाढत होताच. आपला देशी मांगूर वेगळा. तो साधारण दीड फुटाच्या आत राहतो. आफ्रिकन मीटरभर लांब होतो आणि समोर येईल ते खातो.

जलपर्णीला तर चिखलही लागत नाही. झाड वाळून जातं, पण बी तळाच्या गाळात पडून राहतं, वीस वर्षांपर्यंतही. तलाव आटला म्हणजे जलपर्णी संपली असं समजून आपण खूश होतो. पाणी आलं, उन्हं पडली की बी उगवतं, आणि अनुकूल दिवसांत दोन आठवड्यांत पसारा दुप्पट. एकदा हिशोब करून बघा: एक गुंठा व्यापलेली जलपर्णी दर दोन आठवड्यांनी दुप्पट होत गेली तर एकर, म्हणजे चाळीस गुंठे, झाकायला तीन महिनेही लागत नाहीत. शेवटच्या दोन आठवड्यांपूर्वी मात्र अर्धा तलाव मोकळा दिसत असतो. लोक तक्रार करतात ती त्यानंतर. तलावातला गाळ काढून शेतात पसरायची योजना चांगलीच आहे, पण ज्या तलावात जलपर्णी होऊन गेली, तिथला गाळ दुसऱ्या पाण्याजवळ टाकताना हे बी डोक्यात असू द्यावं.

आणि गप्पी. हा विषय नाजूक आहे, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नाही. डेंग्यू, हिवताप रोखायला आरोग्य खातं गप्पी मासे पाळतं, वाटतं, गावोगावच्या पाण्यात सोडतं. मासा दक्षिण अमेरिकेतला, शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी भारतात आलेला. अंडी न घालता थेट पिल्लं देतो. मादी नराचं बीज शरीरात महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळं एकटी मादी नवी वसाहत सुरू करू शकते. स्कॉटलंड आणि त्रिनिदादच्या संशोधकांनी 2011 मध्ये नेमका हाच प्रयोग केला: टाक्यांत एकेकटी मादी सोडली, आणि बहुतेक टाक्यांत गप्पींची वस्ती टिकून राहिली. सिमेंटच्या बंद हौदात गप्पी असायला माझी हरकत नाही. पण डेंग्यूचा डास रांजणात, हौदात, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तो नदीच्या डोहात वाढत नाही. मग डोहात गप्पी सोडून डेंग्यू कसा कमी होणार? तिथं तो फक्त देशी माशांची पिल्लं आणि अंडी खाणार. डोक्यावर चमकता ठिपका असलेला, डासांच्या अळ्या खाणारा छोटा देशी मासा दक्षिण भारतातल्या पाण्यात आहे, त्याचा विचार का होत नाही, हे मला खरंच कोडं आहे.

लक्ष ठेवायचं म्हणजे करायचं काय?

पाण्यात काय आहे ते वरून दिसत नाही, ही पहिली अडचण. काही गोष्टी मात्र फार वरून दिसतात. सेंटिनेल-2 नावाच्या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक, आणि त्यांतला सर्वांत लहान ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा. उजनीवर, नाथसागरावर जलपर्णी कुठून कुठं सरकली ते यातून झकास कळतं. पण योजनेतलं सर्वांत लहान शेततळं 15 बाय 15 मीटर, म्हणजे चित्रात जेमतेम दोन-सव्वादोन ठिपके, तेही निम्मे बांधावर पडलेले. शेततळी कुठं आहेत आणि मे महिन्यात कोणत्या मोठ्या तळ्यांत पाणी आहे, एवढं उपग्रह सांगेल. आत कोण आहे, ते नाही.

दुसरा मार्ग जाळ्याचा, आणि मला तो सर्वांत आवडतो कारण तो स्वस्त आहे. फक्त 'किती मासे मिळाले' लिहून उपयोग नाही. एकानं चार जाळी टाकली, दुसऱ्यानं एक, तर तुलना कशी करणार? म्हणून 'एका जाळ्याला एका रात्रीत किती' असं मोजायचं. तलाव ठेक्यानं घेणाऱ्या मत्स्य सहकारी संस्थांनी जातवार एवढीच नोंद वहीत ठेवली, तर पाच वर्षांत जी माहिती जमा होईल ती माझ्यासारख्या एखाद्या विद्यार्थिनीला पीएचडीच्या काळात जमवता येणार नाही.

तिसरा मार्ग नवा आहे: ई-डीएनए. मासा पोहताना पाण्यात चिकट स्राव, खवल्यांचे कण, विष्ठा सोडत असतो आणि त्यात त्याचा डीएनए असतो. लिटरभर पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं, गाळणी थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायची आणि त्या डीएनएच्या प्रती काढून जात ओळखायची. मासा पकडायचीही गरज नाही. फ्रान्समध्ये 2008 साली तळ्यांच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉगचा असा माग काढला गेला. नंतर शिकागोजवळच्या कालव्यांत बिगहेड आणि सिल्व्हर कार्प मासे जाळ्यात येण्याआधी पाण्याच्या नमुन्यात सापडले. तोच सिल्व्हर कार्प आपल्याकडं 'चंदेरा' म्हणून तलावांत सोडला जातो! भारतात हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी चिलिका सरोवरात ही पद्धत वापरून दाखवली आहे.

आपल्याकडं ती वापरायची तर कधी? बहुतेक सर्वेक्षणं पावसाळ्यानंतर होतात. पाणी भरपूर, रस्ते सुकलेले, हवा चांगली. माझं म्हणणं आहे, मे महिन्यात करा. तेव्हा पाणी असलेल्या जागा मोजक्याच असतात, म्हणून कमी नमुन्यांत तालुका तपासून होतो. पाणी थोडं असल्यानं डीएनए पातळ झालेला नसतो. आणि उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात डीएनए काही दिवसांतच तुटून जातो, म्हणजे नमुन्यात सापडला तर मासा नुकताच तिथं होता, गेल्या पावसाळ्यात नव्हे. मुख्य म्हणजे मेमध्ये जो तिथं आहे, तोच जूनमध्ये धरणाकडं निघणार आहे. त्याला डबक्यात गाठणं सोपं, धरणात अशक्य.

अडचणी आहेतच. काळ्या मातीचा गाळ गाळणी पाच मिनिटांत बुजवतो. सडक्या पाण्यातली काही द्रव्यं प्रयोगशाळेतली प्रक्रिया अडवतात आणि मासा असून 'नाही' असं उत्तर येतं. उलटही होतं: कुणी बाजारातून आणलेला चिलापी नदीवर साफ केला, बगळ्यानं दुसरीकडचा मासा खाऊन इथं विष्ठा टाकली, की मासा नसून 'आहे'. म्हणून एका नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही. एकाच जागेचे तीन घ्यायचे, एक बाटली मुद्दाम स्वच्छ पाण्याची न्यायची आणि तीही तशीच तपासायची. तिच्यात मासा सापडला तर गोंधळ आपल्या हातांचा आहे. आणि नमुन्याआधी आजूबाजूला विचारायचं, आज इथं मासे कुणी धुतले का?

आणखी एक गोष्ट यंत्रानं होत नाही. परका कोण हे ठरवायला आधीची यादी लागते. दख्खनच्या माशांची जुनी यादी कर्नल साइक्सनं केली, 1839 ते 1841 दरम्यान ती लंडनला छापली गेली. त्यानं भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे पाहिले, आणि शास्त्रीय नावं देताना कोळ्यांच्या तोंडची नावं सरळ उचलली. 'टोर खुद्री', 'गारा मुल्या' ही जगभरच्या ग्रंथांतली नावं इथल्या बोलीतून गेली आहेत. मांजरेच्या उगमाकडं काम करताना मला अशा नावांचा फार उपयोग होतो. साठीच्या पुढच्या माणसाला 'पूर्वी इथं कोणते मासे होते' असं विचारलं की 'लई होते' एवढंच उत्तर येतं. नाव घेऊन विचारलं, मळ्या दिसायचा का, वाम शेवटची कधी पाहिली, की मग साल, जागा, कुणाच्या विहिरीजवळ, सगळं बाहेर येतं.

म्हणून आपल्या घरातल्या जुन्या माणसांना अशी नावं विचारा आणि मला कळवा. शिवाय शेततळं, डोह, विहीर कुठंही अनोळखी मासा दिसला तर फोटो काढा: एक पूर्ण आडवा, एक तोंडाचा, शेजारी मापाला काडीपेटी. अंगावर हाडाच्या पट्ट्यांसारखं कवच आणि तोंड खालच्या बाजूला असेल तर तो काचेच्या टाकीतून सुटलेला सकर मासा असू शकतो, उजनीत तो पोचलेलाच आहे. तो परत पाण्यात टाकू नका. काठावर सोडून मेला असंही समजू नका, हवा गिळून तो बराच वेळ जगतो. आणि शेततळं उपसताना उरलेलं पाणी ओढ्याकडं न सोडता पिकाला द्या, मोटरीच्या तोंडाला बारीक जाळी बांधून.